अर्धं पित्ताशय: फोंड्यातल्या एका सर्जनचं प्रकरण

मी भूलतज्ज्ञ आहे. गोव्यातल्या फोंडा आणि आसपासच्या लहान नर्सिंग होममध्ये भूल देण्यात माझी बरीच वर्षं गेली. त्यामुळे अनेक सर्जनांचे हात मी टेबलाच्या डोक्याकडच्या बाजूने पाहिले आहेत. हे प्रकरण त्यांपैकी एका सर्जनचं आणि त्यांच्या एका शस्त्रक्रियेचं आहे. त्यांच्या संमतीने लिहिते आहे. रुग्णाची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. वैद्यकीय तपशील मात्र घडले तसेच आहेत.

या शस्त्रक्रियेत कुणी दगावलं नाही, कुणावर दावा लागला नाही. तरीही मला ती त्यांच्या साऱ्या कारकिर्दीतली सर्वांत महत्त्वाची वाटते. लहान शहरातल्या सर्जनला थांबण्याची किती किंमत मोजावी लागते, ते तिच्यात स्पष्ट दिसतं.

रुग्ण

धारबांदोडा तालुक्यातली एकसष्ट वर्षांची बाई. बारा वर्षांपासून मधुमेह, गोळ्या चालू, एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी तपासणी) ८.४. श्रावणाच्या सुरुवातीला उजव्या बरगडीखाली जोरात दुखू लागलं, ताप आला, उलट्या झाल्या. सोनोग्राफीत पित्ताशयाची भिंत जाड झालेली आणि एक मोठा खडा मानेत अडकलेला दिसला. मुख्य पित्तनलिका पाच मिलिमीटर, म्हणजे फुगलेली नव्हती. बिलिरुबिन नॉर्मल होतं, म्हणजे कावीळ नव्हती. निदान सरळ होतं: पित्ताशयाची तीव्र सूज.

सर्जननी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "वहिनी, याच मुक्कामात काढून टाकू." त्यामागे कारण होतं. सूज नवी असते तेव्हा पित्ताशयाभोवतीचे थर पाण्याने फुगलेले असतात आणि तुलनेने सहज सुटतात. दोन-तीन आठवडे गेले की तिथे तंतुमय ऊती तयार होते आणि सगळं एकमेकांना चिकटतं. "आधी अँटिबायोटिक, मग सहा आठवड्यांनी ऑपरेशन" ही जुनी पद्धत होती. पित्ताशयाच्या सुजेवरच्या २०१८ च्या आंतरराष्ट्रीय टोकियो मार्गदर्शक तत्त्वांचा कल स्पष्टपणे लवकर शस्त्रक्रियेकडे आहे, अर्थात रुग्ण तेवढा धडधाकट असला तर.

पण घरात चवथ होती. पाच दिवसांचा गणपती, माटोळीचं (गणपतीच्या डोक्यावर टांगायच्या फळा-पानांच्या सजावटीचं) सगळं बाईच्या हातचं, मुंबईचे दीर-जाऊ येणार. गोव्यात चवथीच्या तोंडावर कोण पोट कापून घेतो? घरच्यांनी "चवथीनंतर" असं सांगितलं. सर्जननी सल्ला आणि नकार दोन्ही केसपेपरवर लिहिलं, सही घेतली आणि औषधं देऊन घरी पाठवलं. मधल्या काळात बाईंना आणखी एकदा दुखलं. घरात उरलेल्या गोळ्या घेऊन त्यांनी ते निभावून नेलं आणि कुणाला सांगितलं नाही. ही गोष्ट आम्हाला ऑपरेशननंतर कळली. आधी कळली असती तर काय बदललं असतं, ते पुढे सांगते.

हे डॉक्टर

ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, काय झालं ते सांगण्याआधी त्यांच्याविषयी थोडं सांगते. नाही तर त्या सकाळी घेतलेला निर्णय समजणार नाही.

त्यांचा जन्म अंत्रुज महालातल्या, म्हणजे फोंडा परिसरातल्या, एका गावातला, प्राथमिक शिक्षण मराठी शाळेत. वैद्यकीय शिक्षण गोवा वैद्यकीय महाविद्यालयात. १८४२ साली सुरू झालेल्या एस्कोला मेडिका या पोर्तुगीज काळातल्या वैद्यकीय शाळेचा वारसा सांगणारं हे कॉलेज त्या काळी बांबोळीला गेलेलं नव्हतं. पणजीत मांडवीच्या काठी, आज जिथे इफ्फी या चित्रपट महोत्सवाची गर्दी होते त्या आवारात होतं. एमएस तिथेच केलं. मुंबईत राहण्याची संधी होती, ती सोडून ऐंशीच्या दशकाच्या शेवटी ते फोंड्यात आले. भाड्याच्या जागेत चार खाटा टाकल्या. पुढे स्वतःची बारा खाटांची इमारत झाली.

लहान शहरातला जनरल सर्जन म्हणजे काय काय करणारा माणूस, हे आजच्या पिढीला सांगावं लागतं. हर्निया, हायड्रोसील, मूळव्याध, अपेंडिक्स हे तर रोजचंच. माडावरून पडलेले पाडेली. मधुमेहाने काळे पडलेले पाय. पोटातला अल्सर फुटून रात्री आलेला माणूस. स्तनातली गाठ वर्षभर लपवून ठेवलेली बाई. खाणी जोरात होत्या त्या वर्षांत उसगाव-तिस्क पट्ट्यातल्या ट्रकच्या अपघातांचे रुग्ण, बरगड्या मोडलेले, प्लीहा फाटलेली. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्यावर अपघात कमी झाले, पण त्याच घरांतली माणसं बिलाच्या वेळी खाली मान घालून उभी राहू लागली. मी त्या काळात त्यांच्याकडे भूल देत होते. बिलाच्या कागदावर ते पेन्सिलने नवा आकडा लिहीत आणि जुना खोडून टाकत. हे मी पाहिलं आहे. अशी सूट देणारे ते एकटे नव्हते, त्या पट्ट्यातले बरेच डॉक्टर तसंच करत होते.

दुर्बिणीची शस्त्रक्रिया त्यांनी वयाच्या चाळिशीकडे शिकून घेतली. भारतात दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याची पहिली शस्त्रक्रिया मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहमटन उदवाडिया यांनी १९९० मध्ये केली. त्यानंतरच्या दशकात ती लहान शहरांपर्यंत पोचली. या डॉक्टरांनी मुंबईत जाऊन दुसऱ्यांच्या मागे उभं राहून शिकून घेतलं, कर्ज काढून कॅमेरा घेतला. त्या आधीची सारी वर्षं ते पोट उघडूनच पित्ताशय काढत असत. ही गोष्ट महत्त्वाची आहे. आज दुर्बिणीवरच तयार झालेल्या सर्जनने उघड्या पद्धतीने फार पित्ताशयं काढलेली नसतात. यांच्या हाताला दोन्ही पद्धती ठाऊक होत्या.

ओटीत

चवथीनंतरच्या आठवड्यात सकाळची पहिली केस. बाईंना भूल दिली, पोटात कार्बन डायऑक्साइड भरला, दाब १२ वर ठेवला. बेंबीतून कॅमेरा आत गेला आणि स्क्रीनकडे पाहताच ओटी गप्प झाली.

पित्ताशय दिसतच नव्हतं. चरबीचा पडदा, मोठं आतडं आणि ड्युओडेनम (लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग), सगळं यकृताच्या खाली घट्ट चिकटून बसलेलं. त्यांनी कॉटरी, म्हणजे विजेच्या उष्णतेने कापणारं हत्यार, बाजूला ठेवली आणि नुसत्या बोथट हत्याराने, पाण्याच्या धारेने, ड्युओडेनम मिलिमीटर-मिलिमीटर खाली घेतलं. उष्णतेने आतडं भाजलं तर भोक दोन-तीन दिवसांनी पडतं आणि तोवर रुग्ण घरी गेलेला असतो, म्हणून ही काळजी. मग पित्ताशयाचा वरचा भाग दिसू लागला. सुई घालून आतलं पाणी ओढलं तर ते पांढरट निघालं. म्हणजे मानेतल्या खड्याने पित्ताचा रस्ता पूर्ण बंद केला होता.

इथून खरी अडचण सुरू झाली. पित्ताशय काढायचं म्हणजे त्याची नळी आणि त्याची धमनी, एवढंच कापायचं. ती दोन्ही कॅलॉटच्या त्रिकोणात असतात, आणि मुख्य पित्तनलिका त्याच त्रिकोणाच्या कडेने जाते. सर्जन स्टीव्हन स्ट्रासबर्ग यांनी १९९५ मध्ये ठरवून दिलेली खबरदारी आज जगभर पाळली जाते. त्रिकोणातली चरबी आणि तंतू पूर्ण साफ करायचे. पित्ताशयाचा खालचा एक तृतीयांश भाग यकृतापासून सोडवायचा. आणि पित्ताशयात जाणाऱ्या फक्त दोनच गोष्टी डोळ्यांना दिसल्या पाहिजेत. हे तिन्ही झाल्याशिवाय काहीही क्लिप करायचं नाही, काही कापायचं नाही. मुख्य पित्तनलिका कापली जाण्याचं प्रमाण दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत हजारात साधारण तीन ते पाच इतकं सांगितलं जातं. आकडा लहान वाटतो. पण ज्याच्या वाट्याला तो येतो त्याला आतडं यकृताच्या नळीला जोडण्याची मोठी शस्त्रक्रिया लागते, आणि नंतरही वर्षानुवर्षं कावीळ-तापाची धास्ती राहते. यातल्या बहुतेक जखमा हात कच्चा म्हणून होत नाहीत. मुख्य नळीलाच पित्ताशयाची नळी समजल्याने त्या होतात, आणि तसं समजणाऱ्याला त्या क्षणी पूर्ण खात्री असते.

बाईंच्या पोटात तो त्रिकोण नव्हताच. खड्याने फुगलेली पित्ताशयाची मान आणि मुख्य नळी यांच्यामध्ये पांढरं, कडक, दगडासारखं काहीतरी होतं. त्यांनी यकृतावरची खाच शोधून काढली, तिच्या वरच्या पातळीवरच काम ठेवलं, समोरून पाहिलं, मागून पाहिलं. मी घड्याळ बघत होते. चाळीस मिनिटं गेली आणि त्रिकोणात एक मिलिमीटरही वाट झालेली नव्हती.

मग त्यांनी हत्यारं बाहेर काढली आणि सिस्टरला म्हणाले, "दाब कमी करा. पाच मिनिटं कुणी काही करायचं नाही." हातमोजे उतरवून त्यांनी मडगावच्या एका तरुण सर्जनला व्हिडिओ कॉल लावला. वयाने हा सर्जन त्यांच्या विद्यार्थ्यासारखा. स्क्रीन दाखवून विचारलं, "तुला वाट दिसते का?" तिकडून उत्तर आलं, "सर, मला नाही दिसत." एवढंच बोलणं झालं. वयाची साठी ओलांडलेला माणूस, हजारो ऑपरेशनं पाठीशी, आणि ओटीतल्या सगळ्यांच्या देखत आपल्यापेक्षा निम्म्या वयाच्या मुलाला विचारतो. मला त्यांच्याविषयी सर्वांत जास्त आदर त्या क्षणी वाटला.

पोट उघडायचं का, हे मी विचारलं. त्यांनी मान हलवली. "पोट उघडलं म्हणून आत चिकटलेलं सुटत नाही." हे खरं आहे, आणि हे सांगायला उघड्या शस्त्रक्रियेचा अनुभवच लागतो. रक्तस्राव थांबत नसला, आतडं फाटलं असलं, तर उघडावंच लागतं. इथे प्रश्न दिसण्याचा नव्हता. तिथे वेगळं करता येईल असं काही उरलंच नव्हतं.

मग त्यांनी आणखी एक गोष्ट केली. बाईंच्या मुलाला ओटीच्या दारापर्यंत बोलावलं आणि मास्कमधूनच सांगितलं, "अरे, सगळं पित्ताशय काढायला गेलो तर मुख्य नळी तुटू शकते. मी खडे काढतो, पित्ताशयाचा बराच भाग काढतो, मानेचा भाग आत ठेवतो. काही दिवस पित्त गळेल. चालेल ना?" याच मुलाचं अपेंडिक्स त्यांनी तो आठवीत असताना काढलं होतं. तो म्हणाला, "तुम्हाला योग्य वाटेल ते करा, डॉक्टर." त्यांनी ही संमती वेळेसह नोंदवायला सांगितली. संमती ज्या शस्त्रक्रियेची घेतली, तिच्यापलीकडे जाऊन, जीव वाचवण्याची तातडी नसताना दुसरं काही करता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये समीरा कोहली प्रकरणात स्पष्ट केलं आहे. कायद्याने मुलाचा होकार बाईंच्या स्वतःच्या संमतीची जागा घेत नाही, पण घरच्यांना न सांगता पुढे जाणं त्यांना पटलं नसतं.

पित्ताशय वरून उघडलं, खडे पिशवीत गोळा केले. मानेतला मोठा खडा निघाला तसं आतून सोनेरी पित्त वाहू लागलं. याचे अर्थ दोन: मुख्य नळी शाबूत आहे आणि वाहते आहे, आणि आता हे गळणार. त्यांनी आतून टाका घालून पाहिला. ऊती इतकी ठिसूळ की टाका चिरत बाहेर आला. दुसऱ्यांदा प्रयत्न न करता त्यांनी यकृताला चिकटलेली मागची भिंत आणि मान तशीच ठेवली, गळणारं पित्त बाहेर काढणारी जाडसर नळी, म्हणजे ड्रेन, यकृताखाली ठेवला आणि गॅस सोडला. काढलेला भाग बायोप्सीला पाठवला. इतक्या जाड भिंतीत कर्करोग लपलेला असू शकतो, ही शंका त्यांनी ओटीतच बोलून दाखवली होती. पुढे रिपोर्टमध्ये जुनाट सूज आली, कर्करोग नाही.

नंतरचे दिवस

पहिल्या दिवशी ड्रेनमध्ये दीडशे मिलिलिटर पित्त, दुसऱ्या दिवशी साडेतीनशे. ताप नाही, कावीळ नाही, सोनोग्राफीत पोटात साठलेलं काही नाही, बाई पेज खाऊ लागल्या. वैद्यकीय दृष्टीने सगळं अपेक्षित होतं. मान उघडी ठेवली की पित्त गळतं. बहुतेक वेळा आपोआप थांबतं. नाही थांबलं तर तोंडातून दुर्बीण घालून पित्तनलिकेत स्टेंट, म्हणजे बारीक नळी, बसवतात. नळीच्या तळाशी एक झडप असते, तिचा अडथळा निघाला की पित्त सोप्या वाटेने ड्युओडेनममध्ये जातं आणि गळती बंद होते. नळी कापली जाणं आणि पित्त गळणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

घरच्यांना मात्र दिसत होती ती पोटातून निघालेली नळी आणि हिरव्या पाण्याची पिशवी. भेटायला येणारा प्रत्येक नातेवाईक ती पाहून जात होता. तिसऱ्या दिवसापर्यंत गावात बातमी पोचली: "अर्धं कापलं आणि अर्धं आत ठेवलं." दुबईहून एक भाचा फोनवर म्हणाला, की त्याच्या ओळखीच्या माणसाचं पित्ताशय तिथे वीस मिनिटांत काढलं. मुलगा, ज्याने ओटीच्या दारात होकार दिला होता, तोही आता नजर टाळू लागला. मी त्याला दोष देत नाही. घरातल्या आईच्या अंगाला नळी लागलेली असताना माणसाला कोण काय म्हणतं ते ऐकावंच लागतं.

डॉक्टर रोज दोनदा येत, खुर्ची ओढून बसत आणि कागदावर चित्र काढत. यकृत, पिशवी, नळी. कुठे थांबलो, का थांबलो. "चुकलं" असं ते म्हणाले नाहीत, कारण चुकलेलं नव्हतं. "काही नाही, बरं होईल" असंही म्हणाले नाहीत. पाचव्या दिवशीही पित्त तीनशेच्या आसपास राहिलं तेव्हा त्यांनी स्वतःच पणजीजवळच्या मोठ्या इस्पितळात स्टेंटसाठी फोन केला.

त्यांनी सोबत दिलेलं पत्र मी वाचलं आहे, आणि प्रत्येक तरुण सर्जनने असं पत्र लिहायला शिकावं असं मला मनापासून वाटतं. काय केलं हे तर त्यात होतंच. काय केलं नाही, हेही स्पष्ट होतं: त्रिकोणात एकही क्लिप लावलेली नाही, काहीही कापलेलं नाही, कॉटरी वापरलेली नाही. काय दिसलं नाही, तेही होतं: मुख्य नळी नीट दिसली नाही. हाताने काढलेलं चित्र आणि पेनड्राइव्हवर ऑपरेशनचा पूर्ण व्हिडिओ. पुढच्या डॉक्टरला अंदाज बांधावा लागू नये, म्हणून. फर्मागुढी, म्हार्दोळ, कुंडई, भोम, बाणस्तारी असा तो रस्ता. गर्दीच्या वेळी रुग्णवाहिकाही त्यात अडकते. म्हणून त्यांनी पहाटे निघायला लावलं.

स्टेंट बसला. गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड तिथे चाललं. २०१६ पासूनच्या या योजनेत चार किंवा अधिक माणसांच्या कुटुंबाला वर्षाला चार लाखांपर्यंत संरक्षण आहे. गळती काही दिवसांत थांबली, ड्रेन निघाला, दीड महिन्याने स्टेंटही काढला.

किंमत

वैद्यकीय हिशोब इथे संपतो. लहान शहरातला हिशोब संपत नाही.

पुढचे काही महिने त्या भागातून येणारे रुग्ण कमी झाले. मला ते माझ्या डायरीवरून कळत होतं. त्यांच्याकडच्या ऑपरेशनचे दिवस मोकळे जाऊ लागले. मोठ्या शहरात सर्जन थांबला, तर तो इस्पितळाच्या नावामागे असतो. रुग्ण बदलतात, गर्दीत गोष्ट विरून जाते. इथे त्यांना बाजारात, देवळातल्या जत्रेत, लग्नाच्या पंगतीत तीच माणसं भेटतात. जोखीम घेऊन पूर्ण पित्ताशय काढलं असतं आणि नशिबाने नळी वाचली असती, तर गावाने त्यांचं कौतुक केलं असतं. थांबून बाईंना एका मोठ्या संकटातून वाचवलं, त्याचं श्रेय कुठल्याच कागदावर येत नाही, कारण जे घडलं नाही ते कुणाला दिसत नाही. माझ्या मते चांगल्या सर्जनांनाही कधी कधी थांबणं अवघड जातं ते यामुळेच. त्यांच्या हातावर गावाची नजर असते, इमारतीचं कर्ज असतं, बाहेर थांबलेल्या नातेवाइकांचे चेहरे असतात. प्रशिक्षणात शरीररचना शिकवतात. हा दाब कुणी शिकवत नाही.

आणि अशी नर्सिंग होम चालवायला पुढे कोण येणार, हा प्रश्न त्यांच्याशी बोलताना पुन्हा पुन्हा निघतो. परवाने, जैववैद्यकीय कचरा, अग्निशमन, रात्रपाळीच्या सिस्टर, या सगळ्यांसाठी एकट्या माणसाने उभं राहायचं. नव्या मुलांना पगारी नोकरी बरी वाटते, आणि त्यात मला काही गैर वाटत नाही. पण धारबांदोड्याच्या बाईला पोट दुखलं, तर रात्री दोन वाजता दार उघडणारं जवळचं घर कमी होत जाईल, याची मला भीती वाटते.

या प्रकरणानंतर त्यांच्याकडे काही गोष्टी बदलल्या. संमतीपत्रात आता मराठीत साध्या शब्दांत एक ओळ आहे: गरज पडल्यास पित्ताशयाचा काही भाग आत ठेवावा लागेल आणि काही दिवस नळी राहील. मानेत अडकलेला खडा आणि मागे सूज येऊन गेली असेल तर ऑपरेशनआधी एमआरसीपी (पित्तनलिकांचा एमआरआय) करून घेतात. बाईंच्या बाबतीत ती केली असती, तर आत काय आहे याचा थोडा अंदाज आला असता आणि कदाचित पहिल्यापासूनच त्या मोठ्या इस्पितळात गेल्या असत्या. मधल्या काळात दुखलं होतं का, हे ते आता फक्त रुग्णाला नाही, घरातल्या दुसऱ्या माणसालाही विचारतात. आणि चवथ, शिगमा, लग्न, काहीही असो, पहिल्या सुजेत ऑपरेशन का करायचं हे ते कुटुंबाला एकत्र बसवून समजावतात. तरीही काही जण "नंतर" म्हणतात.

बाईंच्या पोटात पित्ताशयाचा जो भाग उरला आहे, त्यात पुन्हा खडे होऊ शकतात. वर्षातून एकदा सोनोग्राफी करायची असं ठरलं आहे. पहिल्या वर्षीची झाली, त्यात काही आढळलं नाही. ती करून घ्यायला त्या फोंड्यातच आल्या होत्या. मुलगा बरोबर होता, आणि त्याने बायकोची फाइलही आणली होती. तिलाही खडे आहेत.